डाव्या परामागचं झाकण

ऑगस्ट १९५६. डेट्रॉइट शहराच्या उत्तरेला माउंड रोड नावाचा सरळसोट रस्ता जातो. त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. दुपारच्या जेवणाची वेळ आहे, ऊन कडक आहे. समोर तारेच्या जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे क्रायस्लर कंपनीची मोकळी जागा आणि तिथे ओळीनं लावून ठेवलेल्या कोऱ्या मोटारी. त्या अजून बाजारात आलेल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी येतील.

तुमच्यामागे एक गाडी हळू होते आणि थांबते. काचेआडून बघणारा माणूस म्हणजे चक जॉर्डन, जनरल मोटर्सचा तरुण डिझायनर. त्याची कचेरी याच रस्त्यावरच्या टेक्निकल सेंटरमध्ये आहे, नुकतंच मे महिन्यात त्याचं उद्घाटन झालंय. जेवणाच्या सुट्टीत तो फेरी मारायला निघाला होता. आता तो कुंपणाकडे टक लावून बघतोय. शेजारच्या शेतातलं पीक आपल्यापेक्षा हातभर वर गेलेलं दिसलं की शेतकऱ्याचा चेहरा जसा होतो, तसा त्याचा झालाय.

तुम्हीही जाळीला नाक लावून बघा. ही १९५७ ची प्लिमथ. टप इतका पातळ की खांबांवर नुसतं झाकण ठेवल्यासारखा वाटतो. काचाच काचा. बॉनेट खाली बसलेलं, आणि मागच्या मडगार्डवरून वर चढत गेलेले दोन उंच पर, माशाच्या परासारखे ताठ. क्रायस्लरचे मुख्य डिझायनर व्हर्जिल एक्सनर यांनी गाडीला पुढे झुकलेल्या पाचरीचा आकार दिला आहे. त्यामुळे उभी असतानाही ती निघाल्यासारखी दिसते. बाकी अमेरिकन गाड्या तेव्हा गुबगुबीत आहेत, आणि जॉर्डनच्या कचेरीत १९५९ सालासाठी मातीत घडवले जाणारे नमुने तर आणखी जड आहेत. तो आता परत जाऊन वरिष्ठांना सांगेल, तेही येऊन हे कुंपण बघतील, आणि ते नमुने मोडीत निघतील. जनरल मोटर्सच्या १९५९ च्या गाड्यांचे आडवे पसरलेले पर या दुपारच्या फेरीतून आले.

ऑक्टोबरात चला. नव्या मॉडेलच्या गाड्या शोरूममध्ये येण्याचे हे दिवस. गावोगावच्या डीलरांनी काचांना आतून कागद चिकटवले आहेत, कारण नवी गाडी ठरलेल्या दिवसाआधी कुणाला दिसता कामा नये. आज कागद निघाला. आत जनरल मोटर्सची १९५७ ची शेव्हरोले बेल एअर उभी आहे, दोन दारांची, दारांमध्ये खांब नसलेली.

बॉनेटवर दोन लांबट गोळ्या बसवल्यासारखे उंचवटे. जाळीवर सोनेरी मुलामा. मागच्या पराच्या बाजूला उभ्या रेघांचा ॲल्युमिनियमचा त्रिकोणी पत्रा. बॉनेटवरचं व्ही अक्षर सोनेरी, म्हणजे आत आठ सिलिंडरचं इंजिन आहे. क्रोम जागोजागी आहे, पण कुठे लावायचं आणि कुठे थांबायचं हे इथे कुणाला तरी नेमकं कळलं होतं. गाडीभोवती एक फेरी मारा आणि पेट्रोल भरायचं झाकण शोधा. सापडत नाही ना? डाव्या परामागची क्रोमची उभी पट्टी बाहेर ओढा. झाकण तिच्याआड आहे. विक्रेता गिऱ्हाइकाला हे सगळ्यात शेवटी दाखवतो, कारण ते पाहून लहान मूलसुद्धा हसतं.

आणि तरीही आज या शोरूममध्ये थोडी निराशा आहे. जाणकार बाप आपल्या मुलाला हळूच सांगतोय की हा सांगाडा जुनाच आहे. खरं आहे ते. खालचं शरीर १९५५ चं आहे, हे त्याचं तिसरं वर्ष. यंदा नवं अंग आणायचा जनरल मोटर्सचा विचार होता, पण ते वेळेत तयार झालं नाही. म्हणून जुन्यालाच नवा चेहरा, पर आणि १५ इंचांऐवजी १४ इंची चाकं देऊन उभं केलं.

रस्ता ओलांडून प्लिमथच्या शोरूममध्ये जा. तिथे जाहिरात टांगलीय. तिचा आशय असा की अचानक १९६० साल उजाडलं आहे. पुढच्या दिव्यांकडे बघा. चार दिवे दिसतात, पण खरे हेडलाइट दोनच, बाहेरच्या बाजूचे. आतले दोन मोठे पार्किंगचे दिवे आहेत. चार हेडलाइटना अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अजून परवानगी नाही, म्हणून भविष्याचं सोंग आणलंय. मला ही गोष्ट लबाडीची वाटत नाही. उद्या लवकर यावा म्हणून उतावीळ झालेल्या माणसाचा भाबडेपणा आहे तो.

मुंबईकराला ही दोन्ही नावं परकी नाहीत. शेव्हरोले शिवडीत जुळवल्या जात. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये तिथे कारखाना काढला आणि १९५४ मध्ये बंद केला. प्लिमथ कुर्ल्याच्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या मुंबईच्या रस्त्यावर आणल्या. पण १९५७ च्या या जोडीला भेटायचं तर अमेरिकेतच, आणि तेही उन्हाळ्यात.

म्हणून आता जून १९५७. ओक्लाहोमा राज्य. तुमच्या हाती आधी शेव्हरोले दिली आहे.

पुढची सीट म्हणजे घरातला सोफा, तिघं सहज मावतात. सीटबेल्ट नाही. स्टिअरिंगचं चाक परातीएवढं, आणि त्याचा दांडा सरळ तुमच्या छातीकडे रोखलेला. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण या देखण्या गाड्यांमध्ये माणसाच्या जिवाचा विचार फार मागे होता. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका विमा संस्थेनं १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आदळून पाहिली. जुनीत बसवलेल्या पुतळ्याची जी गत झाली ती पाहिल्यावर जुन्या पोलादाच्या ताकदीच्या गप्पा मला ऐकवत नाहीत.

किल्ली फिरवा. २८३ घनइंचांचं हे इंजिन एड कोल यांच्या हाताखाली जन्मलं, १९५५ मध्ये २६५ घनइंचांचं म्हणून. त्याची खुबी कमी वजनात आहे. झडपा उघडणाऱ्या तरफा एका लांब दांड्यावर ओवण्याऐवजी प्रत्येक तरफ पत्र्यातून दाबून काढलेली आणि स्वतःच्या खिळ्यावर डुलणारी. हलणारं वजन कमी, म्हणून इंजिन भराभर वर चढतं. खर्च कमी, दुरुस्ती सोपी. पेट्रोल फवारणाऱ्या रॅमजेट यंत्रणेसह यंदा ते २८३ अश्वशक्ती देतं, घनइंचाला एक घोडा असा कंपनीचा डिंडिम आहे. तुमच्या गाडीत साधा कार्ब्युरेटर आहे, तरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच ती पुढे झेपावते. या इंजिनाची वंशावळ इतकी लांबली की २०११ मध्ये जनरल मोटर्सनं त्या कुळातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं.

रूट ६६ इथून जातो. दोन्ही बाजूंना गवताळ माळ, मध्येच तेल उपसणारे पंप मान खालीवर करत असतात. पंपावर पेट्रोल गॅलनला तीस-एकतीस सेंट; गणवेशातला पोरगा धावत येतो, काच पुसतो, आणि न विचारता डाव्या परामागची पट्टी ओढतो. वळण आलं. आता शेव्हरोले कलते, पाटावरून ताट कलंडावं तशी, आणि ब्रेक दाबलात की नाक जमिनीकडे झुकतं. तिच्या पॉवरग्लाइड गिअरबॉक्समध्ये पुढे जायचे वेग दोनच, त्यामुळे चढावर इंजिन ओरडतं. तुम्ही तिला सांभाळून घेता, ती तुम्हाला सांभाळून घेते.

संध्याकाळ होते आणि रात्री राहण्याचा प्रश्न येतो. इथे मला थांबावंसं वाटतं. मोटेलच्या पाट्या झगमगतायत, जागा रिकामी असल्याचा लाल दिवा लागलाय, आणि तुमचा रंग सावळा आहे. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे पाहून काय ठरवेल हे सांगता येत नाही. याच जानेवारीत पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून निवडून येऊन अमेरिकन काँग्रेसमध्ये बसले आहेत. पण या रस्त्यावर काळी कुटुंबं अजूनही ग्रीन बुक नावाची पुस्तिका जवळ ठेवून निघतात, कुठे खोली मिळेल आणि कुठे पेट्रोल, हे शोधण्यासाठी. मोकळ्या रस्त्याची, वाऱ्याची आणि क्रोमची जी स्वप्नं या गाड्यांच्या जाहिरातीत आहेत ती सगळ्यांसाठी छापलेली नव्हती. जुन्या मोटारींवर जीव टाकणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला फार वाटतं.

सकाळी किल्ली बदला. आता प्लिमथ.

आत शिरताना वाकावं लागतं, ती चांगलीच बुटकी आहे आणि रुंदही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर ११८ इंच, शेव्हरोलेपेक्षा ३ इंच जास्त. गिअरचा दांडा शोधू नका. डाव्या हाताला डॅशबोर्डवर बटणं आहेत. पुढे जायचं बटण दाबा. हा टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स, तीन वेगांचा, इतका गुळगुळीत की वेग कधी बदलला ते पाठीला कळत नाही. मात्र गाडी उभी करताना चाकं जखडून ठेवणारं बटण यात नाही. हँडब्रेक ओढायला विसरलात तर उतारावर ती तुम्हाला सोडून जाईल. आरसा काचेला टांगलेला नसून डॅशबोर्डवर ठेवलेला आहे. मागे तिघं बसले की त्यात रस्त्याऐवजी त्यांचे चेहरे दिसतात.

तुलसा ते ओक्लाहोमा सिटी असा टर्नर टर्नपाइक हा टोलचा महामार्ग १९५३ मध्ये सुरू झालाय. त्यावर घ्या आणि मग पुन्हा जुन्या रस्त्याच्या वळणावर या. कालचंच वळण. आज गाडी कलत नाही. पुढच्या चाकांना गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा नाहीतच. लांब पोलादी कांबी आहेत, चाक वर उचललं की पीळ घेणाऱ्या आणि पीळ सोडून चाकाला जागेवर आणणाऱ्या. ब्रेक दाबा, नाक झुकत नाही. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी ही गोष्ट त्या वर्षी आपल्या सगळ्या गाड्यांत दिली, सगळ्यात स्वस्त प्लिमथमध्येसुद्धा. या दोघींना शेजारी चालवून पाहिलेल्या माणसाला विचाराल तर प्लिमथ सरस, यात मला जराही शंका नाही. बनावटीचं डोकं तिच्यात जास्त होतं.

आता एक करा. रस्त्याकडेला थांबून दोन्ही गाड्यांची दारं एकापाठोपाठ लावून बघा.

शेव्हरोलेचं दार ठप्प बसतं. प्लिमथचं दार लागतं, पण आवाजात पत्रा आहे. रात्री पाऊस झाला असेल तर पायाखालची सतरंजी चाचपून बघा, ओली लागेल. सीटची शिवण कुठेतरी उसवायला आली असेल. काही गाड्यांच्या त्या पीळवाल्या कांबीच मोडल्या. असं का झालं? प्लिमथला १९५५ मध्ये नवं अंग मिळालं होतं. साचे साधारण तीन वर्षं वापरायचे, पण क्रायस्लरनं दोनच वर्षांत सगळं बदललं: सांगाडा, स्प्रिंगा, गिअरबॉक्स, काचा. कारखान्यातल्या हातांना नवीन पत्र्याची ओळख व्हायच्या आत गाड्या बाहेर पडू लागल्या. मागणी प्रचंड होती, प्लिमथ ब्यूकला मागे टाकून विक्रीत पुन्हा तिसरी आली, आणि घाईत भर पडली. उलट शेव्हरोलेच्या ज्या जुन्या सांगाड्याची शोरूममध्ये कुजबुज चालली होती, त्याचे साचे तिसऱ्या वर्षी मुरले होते. दार कुठे अडतं, पाणी कुठून झिरपतं, हे आधीच्या दोन वर्षांत सापडून दुरुस्त झालं होतं. लोणचं मुरायला जे लागतं तेच या दाराच्या आवाजात आहे.

पण त्या उन्हाळ्यात हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. फोर्डचीही गाडी त्या वर्षी नवीकोरी आहे, आणि १९५७ च्या मॉडेलांच्या हिशेबात फोर्ड शेव्हरोलेला मागे टाकते. ज्या बेल एअरसाठी पुढे लोक घर गहाण ठेवायला तयार होतील, ती आपल्या वर्षी हरलेली आहे.

१५ जून १९५७. तुलसा शहर, कोर्टाच्या इमारतीसमोरचं आवार. ओक्लाहोमा राज्य होऊन या वर्षी ५० वर्षं होतायत, त्याचा हा उत्सव. जमिनीत काँक्रीटची पेटी बांधली आहे, अणुबॉम्बलाही दाद देणार नाही असं म्हणतात. क्रेनला टांगलेली आहे एक प्लिमथ बेल्व्हेडिअर, दोन दारांची, सोनेरी आणि पांढरी, कोरी करकरीत. अंगाला गंजरोधक लेप, वरून गुंडाळलेलं आवरण. पन्नास वर्षांनंतरही फॅशनमध्ये राहील अशी गाडी निवडायची म्हणून आयोजकांनी हिला निवडलं. कालची चाल आठवा, आणि त्यांचं चुकलं असं म्हणून बघा. मला नाही म्हणता येत.

गाडीसोबत काय काय ठेवलंय ते जवळ जाऊन बघा. बिअरचं खोकं. एका बाईच्या पर्समध्ये सापडतील अशा वस्तू: लिपस्टिक, केसाच्या पिना, च्युइंगगम, सिगारेटी, न भरलेला पार्किंगचा दंड. वेल्डिंगनं बंद केलेली पोलादाची कुपी, तिच्यात ध्वज आणि कागदपत्रं. २००७ मध्ये तुलसाची लोकसंख्या किती असेल याचे लोकांनी बांधलेले अंदाज. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, गाडी त्याची. आणि १० गॅलन पेट्रोल. २००७ मधल्या मोटारी कदाचित अणुशक्तीवर चालतील, पेट्रोल मिळणारच नाही, मग ही सुरू कशी करायची?

याच शहराच्या ग्रीनवुड वस्तीत १९२१ मध्ये गोऱ्यांच्या जमावानं काळ्या लोकांची घरंदारं जाळली, माणसं मारली. ती वस्ती इथून लांब नाही. १९५७ च्या तुलसात त्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. जमिनीत काय पुरायचं हे शहरं फार आधी ठरवून ठेवतात.

झाकण बसतं. बँड वाजतो.

मधली वर्षं भरभर जाऊ द्या. हिवाळ्यात उत्तरेकडच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. दोन-तीन हिवाळ्यांत प्लिमथच्या हेडलाइटभोवतीचा पत्रा फुगतो, मग पोखरतो. (शेव्हरोलेही धुतल्या तांदळाची नाही. हेडलाइटच्या वरून हवा आत घेणारे तिचे मार्ग नेमके तिथेच ओल धरतात.) प्लिमथ भंगारात जातात. जुन्या शेव्हरोले मात्र स्वस्तात पोरांच्या हाती पडतात. वजनानं हलकी गाडी, कुठल्याही गल्लीत दुरुस्त होणारं इंजिन, मुबलक सुटे भाग. पोरं त्या पळवतात, रंगवतात, खोलतात, पुन्हा जोडतात. पुढे त्या पोरांना पैसा मिळतो आणि ते तीच गाडी पुन्हा शोधत फिरतात. हवानात तर त्या टॅक्सी होऊन आजही धावतायत. प्लिमथच्या वाट्याला वेगळी कीर्ती आली: १९८३ मध्ये स्टीफन किंग यांच्या कादंबरीत आणि तिच्यावरच्या चित्रपटात १९५८ ची प्लिमथ फ्युरी झपाटलेली, माणसं मारणारी गाडी झाली. २००१ मध्ये क्रायस्लरनं प्लिमथ हे नावच बंद केलं.

जून २००७. तुम्ही पुन्हा तुलसात आहात. पेटीचं झाकण उचललंय, आणि आत पाणी आहे. काही फूट पाणी, किती वर्षांपासून कोण जाणे. ते उपसून गाडी बाहेर काढली, सभागृहात नेली, आणि आज १५ तारखेला हजारो लोकांसमोर तिचं आवरण काढतायत. गाडी सुरू करून बघायला बॉइड कॉडिंग्टन हे नावाजलेले मोटारकारागीर मुद्दाम बोलावलेत.

आवरण सुटतं. सभागृहात एक दीर्घ श्वास ऐकू येतो.

ती गाडीच्या आकाराची गंजाची रास आहे. मागची बाजू खचली आहे, पाटे पाण्यानं खाऊन टाकलेत. सोनेरी रंगाचा मागमूस कुठेतरी क्रोमच्या कडेला. सीटचा चिखल झालाय. सुरू करण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तरी, थोडं मागे सरकून बाजूनं बघा: ते पर अजून ताठ आहेत. एक्सनर यांची रेघ गंजातही वाचता येते. माउंड रोडच्या कुंपणापाशी जी दिसली होती तीच.

पोलादाची कुपी मात्र कोरडी निघाली. आतला ध्वज जसाच्या तसा. लोकसंख्येचा सगळ्यात जवळचा अंदाज बांधणारा माणूस हयात नव्हता. गाडी त्याच्या नातलगांकडे गेली. न्यू जर्सीत तिचा गंज धुऊन काढण्यात आला, आणि २०१७ पासून ती इलिनॉय राज्यातल्या रॉस्को गावच्या मोटार संग्रहालयात आहे.

सभागृहातून बाहेर या. ऊन तेच आहे, ओक्लाहोमाचं. कोपऱ्यावर पेट्रोलपंप आहे, फलकावर गॅलनला तीन डॉलरच्या आसपासचा भाव. पेट्रोल संपलेलं नाही. पंपापाशी एक १९५७ ची बेल एअर उभी आहे, सोहळ्याला आलेल्या कुणाची तरी. मालक पैसे द्यायला आत गेलाय. त्याची बायको हातात नळी धरून गाडीभोवती फिरतेय, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, नंबरप्लेटच्या मागे वाकून बघतेय.

तुम्ही पुढे होता आणि डाव्या परामागची पट्टी बाहेर ओढता.